कार्ड चाललं, तरी अडतीस हजार गेले. मग आरोग्यव्यवस्थेत सुधारणा नेमकी कशात करायची?

हिशेबनीस
मागच्या महिन्यात माझा आतेभाऊ दिंडोरीकडच्या आपल्या बागेतून घरी येताना मोटरसायकलवरून घसरला. वय एकसष्ट, खुब्याचं हाड मोडलं. द्राक्षं निघायचे दिवस, व्यापारी दारात आणि हा आडवा. नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, कारण तिथे 'कार्ड चालतं', म्हणजे सरकारच्या जन आरोग्य योजनेत उपचार मोफत होतात, असं गावातल्या दोघांनी सांगितलं होतं. आणि कार्ड चाललंही! आरोग्यमित्राने (योजनेचा हॉस्पिटलात बसणारा माणूस) रेशनकार्ड-आधार घेतलं, मंजुरी आली, ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या कागदावर रुग्णाकडून घेतलेली रक्कम शून्य.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मात्र पुतण्याला आत बोलावून सांगितलं होतं की योजनेतलं इम्प्लांट (मोडलेल्या हाडात बसवायचा भाग) साधं असतं, चांगलं टाकायचं तर अडतीस हजार. रोख. पावती नाही, कोऱ्या चिठ्ठीवर पेनाने आकडा. बाप टेबलावर जाणार असताना 'साधंच टाका' असं कोणता मुलगा म्हणेल? घरी निघताना 'माझ्याकडून पैसे घेतले नाहीत' या कागदावर भावाने सही केली.

मी एकतीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होतो. मला रागाच्या आधी रकाना दिसतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ टक्के होता. म्हणजे मोठी सुधारणा. पण माझ्या भावाचे अडतीस हजार कुठल्या रकान्यात बसतात? कागदावर तर ते खर्चच झाले नाहीत.

सरकारचा खर्च त्याच वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के करायचं ठरलं होतं. सगळी चर्चा या एका टक्केवारीभोवती फिरते, 'सरकार पैसे देत नाही' म्हणून. मला हल्ली वाटायला लागलंय की किती देतं यापेक्षा कसं देतं हे जास्त महत्त्वाचं. जाणकारांनी लिहावं. (संपादकांना विनंती, धागा राजकारण विभागात हलवू नका, तिथे गेला की मेला.)

गोदाघाट
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी लिहितो.

तर्री_वेगळी_द्या
अडतीस हजारांत 'चांगलं' इम्प्लांट म्हणजे नक्की काय, हे कुणी सांगेल का? साध्याला गंज लागतो का?

अस्थिर_हाडवैद्य
तर्रीशेठ, गंज लागत नाही. योजनेतलं इम्प्लांटही मान्यताप्राप्तच असतं आणि तेवढ्या कामाला बहुतेक वेळा पुरतं. जे झालं ते चूकच झालं. योजनेतल्या रुग्णाकडून वरचे पैसे घेता येत नाहीत, विषय संपला.

आता माझ्या बाजूचा हिशेब मांडतो, कारण धागा हिशेबनिसांचा आहे. माझं तीस खाटांचं हॉस्पिटल. दोन योजनांशी करार होता, नावं घेत नाही, आता सोडले. त्यात एका ऑपरेशनला ठरलेलं पॅकेज असतं. रुग्ण चाळिशीचा धडधाकट असो की सत्तरीचा मधुमेही, रक्कम तीच. पहिला चौथ्या दिवशी घरी जातो. दुसऱ्याची साखर उतरत नाही, जखम वाहते, बारा दिवस पलंग अडवतो. मोठ्या हॉस्पिटलात शंभर रुग्णांत हे सरासरीने भरून निघतं, माझ्याकडे महिन्याला आठ रुग्ण, सरासरी कशाची काढू? मग क्लेम टाकायचा, त्यावर क्वेरी, एक्स-रे पुन्हा अपलोड करा, मग कपात. पैसे येईपर्यंत दोन सण होऊन जातात. सिस्टर, वॉर्डबॉय, ऑक्सिजन, जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी यांना सात तारखेला द्यावे लागतात.

अशा वेळी माणसं तीन गोष्टी करतात. कुणी गुंतागुंतीचा रुग्ण दारातूनच 'वरच्या सेंटरला न्या' म्हणून परत पाठवतं, कुणी योजना सोडतं आणि कुणी ती चिठ्ठी काढतं. मी दुसऱ्या गटातला. फुशारकी नाही, माझ्याकडे पैसे भरणारे रुग्ण पुरेसे आहेत म्हणून परवडलं.

फक्त भाव बांधून हे सुटत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या धमनीत बसवायच्या स्टेंटचे भाव बांधले, औषध लावलेला स्टेंट २९,६०० वर आला. ऑगस्टमध्ये गुडघ्याचे इम्प्लांट. लोकांचा फायदा झालाच, नाकारत नाही. पण आमच्या धंद्यात एक रकाना दाबला की बिल दुसऱ्या रकान्यातून फुगतं, हे मी जवळून पाहिलंय.

डॉक्टरला पैसे द्यायची कुठलीही पद्धत घ्या. प्रत्येक कामाचे वेगळे दिलेत तर कामं वाढतात, तपासण्या वाढतात. पॅकेज दिलंत तर सोपे रुग्ण निवडले जातात. पगार दिलात तर दुपारी एकला ओपीडी बंद. आणि माणशी वर्षाची ठरावीक रक्कम दिलीत तर तो माणूस दारात न आलेला बरा, असं वाटायला लागतं. खोट चारही पद्धतींत आहे. आपल्याला कोणती खोट सोसवेल एवढंच ठरवायचं असतं.

गोदाघाट
हाडवैद्य, प्रतिसाद आवडला. शेवटचा परिच्छेद चौकटीत लावावा असा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पॉलिसीवाला
मी विमा विकतो, आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. सगळ्यांचं म्हणणं सरकारने द्यावं. का? मध्यमवर्गाने स्वतःची पॉलिसी घ्यावी, सरकारने फक्त गरिबांचं बघावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीसुद्धा शून्य झालाय. कंपन्यांत स्पर्धा आहे, ग्राहक राजा आहे. सरकारी सेवा फुकट असते म्हणून तिची किंमत नसते.

हिशेबनीस
पॉलिसीवाले दादा, प्रामाणिकपणा आवडला, युक्तिवाद नाही पटला. टीव्ही घेताना मी चार दुकानं फिरतो. खुबा मोडलेला माणूस रुग्णवाहिकेत कोटेशन मागवत नाही. शिवाय काय टाकायचं, किती दिवस ठेवायचं हे विकणाराच ठरवतो आणि घेणारा मान डोलावतो. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिलं होतं की आजारपणाची अनिश्चितता आणि डॉक्टर-रुग्ण यांच्या माहितीतली दरी यामुळे हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही.

आणि ग्राहक राजा म्हणाल तर माझाच हप्ता बघा. साठी उलटली, एक क्लेम केला, आणि नूतनीकरणाचा आकडा बघून बायकोने विचारलं, हा हप्ता आहे की हॉस्पिटलचं बिल? तरणी-निरोगी माणसं पॉलिसी घेत नाहीत, आजारी घेतात, म्हणून हप्ता वाढतो. तो वाढला की उरलेले निरोगीही सोडून जातात. ज्या देशाने हा रस्ता सगळ्यात जास्त चालून पाहिला, त्या अमेरिकेत जीडीपीच्या सतरा टक्क्यांच्या आसपास खर्च होतो आणि तरी सगळ्यांना संरक्षण नाही. ट्रुमनने १९४५ मध्ये प्रयत्न केला, क्लिंटनने १९९३ मध्ये, ओबामाचा कायदा २०१० मध्ये झाला आणि त्यावर अजून भांडणं चालू आहेत.

आपल्याकडे याहून बरं एक मॉडेल मी स्वतः राबवलंय, ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. मूळ कायदा १९४८ चा. आज कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. वीस हजार पगार असेल तर १५० अधिक ६५०, महिन्याला ८०० रुपये. त्यात दवाखाना, औषध, ऑपरेशन, आईवडील, वर आजारी रजेत ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार. धडधाकट पोराचे पैसे म्हाताऱ्या फिटरला लागतात आणि कुणी कुणावर उपकार करत नाही. मेख एकच, २१,००० ची मर्यादा. २०१७ पासून तिथेच आहे. पगारवाढीने एखादा २१,५०० वर गेला की सहामाही संपताच बाहेर. पेढे घेऊन टेबलाशी आलेल्या कामगाराला "आता आईचा दवाखाना बंद" हे मी किती जणांना सांगितलं असेल!

सुरगाण्याची_सिस्टर
रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, कंत्राटी. माझं उपकेंद्र कुठलं ते सांगत नाही.

तुम्ही सगळे ऑपरेशनबद्दल बोलताय. आमच्याकडे त्याच्या आधीचंच अडतं. आदिवासी भागात तीन हजार लोकांना एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे. कागदावर तालुका बऱ्यापैकी बसतो. पण केंद्र म्हणजे इमारत नाही ना. बाळंतपणात अडलेली बाई आली आणि सर्जन आहेत पण भूल द्यायला माणूस नाही, तर ती इमारत असून नसल्यासारखी. मग १०८ बोलवायची. घाट उतरून नाशिक सिव्हिलला पोचायला दोन-अडीच तास. त्या गाडीत मी बसलेली आहे, खूप वेळा. एका हातात सलाइनची बाटली, दुसऱ्या हातात तिचा हात.

तिच्याकडेही कार्ड असतं बरं का. पाच लाखांचं. पण ते खर्च करायला नाशिकलाच यावं लागतं. आणि कार्ड भरती झाल्यावर चालतं. बीपीची गोळी, साखरेची गोळी, खोकल्याचं औषध, यांना कार्ड नाही. गोळी संपली म्हणून दोन महिने बंद केली आणि पॅरालिसिस झाला की मग कार्ड चालू!

अजून एक. आमची माणसं वर्षातले निम्मे महिने गावात नसतात. छाटणीला, द्राक्ष काढायला दिंडोरी-निफाडला जातात. लसीकरणाच्या रजिस्टरमध्ये पोर माझ्याकडे, पोर मात्र कुणाच्या तरी बागेच्या शेडमध्ये. आशाताई फोन करून करून शोधते. हिशेबनीस दादा, तुमच्या भावाच्या बागेतसुद्धा असतील आमचे लोक. त्यांच्यातलं कुणी पडलं असतं तर अडतीस हजार कुठून आणले असते?

हिशेबनीस
ताई, असतात. दरवर्षी चार-पाच कुटुंबं. त्यांच्या दवाखान्याचं काय, हे मी भावाला आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं.

लीड्सचा_पंचवटीकर
इकडे ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला एनएचएस म्हणतात, त्याबद्दल थोडं. ५ जुलै १९४८ ला सुरू झालं. गंमत म्हणजे आपल्याकडे आरोग्यसेवा कशी उभारावी यावर भोर समितीचा अहवाल त्याच्या दोन वर्षं आधी, १९४६ मध्ये आला होता. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व त्यात होतं. खेड्यापर्यंत सरकारी केंद्रांचं जाळंही होतं. युद्धात पिळून निघालेल्या ब्रिटनने ते केलं. आपण अहवाल कपाटात ठेवला नाही, अर्धामुर्धा राबवला, जे कदाचित जास्त वाईट.

इथे प्रत्येकाची नोंद एका जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) असते आणि जीपीला मुख्यतः नोंदलेल्या डोक्यांप्रमाणे पैसे मिळतात. मोठ्या हॉस्पिटलात थेट जाता येत नाही, अपघात वगैरे सोडून. बिल ही गोष्टच नाही. आई इकडे आली होती तेव्हा शेजारच्या आजोबांना बायपासनंतर घरी जाताना बघून विचारत होती, 'काउंटर कुठाय?'

पण स्वर्ग नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधली प्रतीक्षायादी सुमारे ७७ लाखांवर गेली होती. गुडघ्यासाठी मीही त्या रांगेत होतो. आपल्याकडे रांग पैशाने लागते, इकडे तारखेने. सुधारणा तर दर दहा-पंधरा वर्षांनी. १९९० च्या कायद्याने सेवा विकत घेणारे आणि देणारे वेगळे केले, अंतर्गत बाजार म्हणून. २०१२ मध्ये पुन्हा सगळी रचना मोडून नवी केली. मार्च २०२५ मध्ये त्यातली शिखर संस्थाच गुंडाळायची घोषणा झाली. पाट्या रंगवणाऱ्याची चांदी.

अस्थिर_हाडवैद्य
पंचवटीकर, एक राहिलं. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९४८ च्या आधी कडाडून विरोध केला होता. अन्युरिन बेव्हन मंत्री होता. त्याने तज्ज्ञ डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिस चालू ठेवायची मुभा आणि भरघोस मोबदला दिला. 'त्यांची तोंडं सोन्याने भरली' हे वाक्य त्याच्याच नावावर सांगतात. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात १९६२ मध्ये सरकारी विमा आला तेव्हा डॉक्टर तेवीस दिवस संपावर होते. आपल्याकडे राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न मागता उपचार द्या, एवढ्यावर आमचे लोक रस्त्यावर आले. शेवटी छोट्या खाजगी रुग्णालयांना वगळायची तडजोड झाली. मी तेव्हा संपाच्या बाजूने बोललो होतो. भीती एकच, पैसे कोण आणि कधी देणार? आधी पैसे न मागणं मान्य, नंतर कुणीच न देणं कसं मान्य करू?

वॉर्डातला_माणूस
राजकारण विभागात हलवू नका म्हणालात म्हणून गप्प होतो, पण सगळं राजकारणच चाललंय. मी एका पक्षाचं काम केलंय बारा वर्षं. कुठला ते सोडा, सगळे सारखेच.

कार्डाचं शिबिर लावलं की संध्याकाळपर्यंत चारशे घरं होतात. प्रत्येक घरात माझ्या हातून एक वस्तू जाते. त्यावर फोटो असतो. आता मला सांगा, सिस्टरताईंच्या तालुक्यात भूलतज्ज्ञाचं पद भरलं तर मी फ्लेक्सवर काय छापू? 'भूलतज्ज्ञ आले हो'? इमारत बांधली तर नारळ फुटतो, ठेकेदार खूश, कोनशिला लागते. पद भरलं तर पगार, पेन्शन आणि बदलीची भांडणं. आणि पद रिकामं राहिलं म्हणून कुणाचा पराभव झालेला मी तरी पाहिला नाही.

दुसरं, आरोग्य घटनेप्रमाणे राज्याच्या यादीत. दिल्ली योजना काढते, मुंबई तिला आपलं नाव जोडते. इथलंच बघा. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य झालं, २०१८ मध्ये वर आयुष्मान भारत आलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. चांगलंच झालं. पण मोफत करायला एक जीआर पुरतो. तिथे माणूस बसवायला काय लागतं ते सिस्टरताईंना विचारा.

तर्री_वेगळी_द्या
'भूलतज्ज्ञ आले हो' 😂 सिंहस्थाच्या आधी एक फ्लेक्स लावाच.

हिशेबनीस
वॉर्डवाले भाऊ, तुम्ही जे नेमकं सांगितलंत ते थायलंडने उलटं वापरलं. २००१ च्या निवडणुकीत थाकसिन शिनावात यांनी एकच घोषणा दिली, तीस बाटमध्ये (तिथलं चलन) उपचार. पोस्टरवर मावेल एवढी. निवडून आले आणि २००२ पर्यंत देशभर लागू केली. लोकांच्या हाती कार्डच दिलं, म्हणजे तुमच्या भाषेत हातून वस्तू गेली. पण मागे हिशेब वेगळा लावला. बाह्यरुग्ण सेवेचे पैसे नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर आणि भरती रुग्णांसाठी एकूण बजेटची मर्यादा. जीपीची यादी आणि पॅकेज, दोन्हीची भेसळ केली म्हणा. आणि हे चाललं कारण आधीची वीसेक वर्षं त्यांनी तालुक्या-तालुक्यात दवाखाने बांधून तिथे डॉक्टरांना सक्तीची सेवा लावली होती. पुढे सत्तांतरात तीस बाटची फी काढली, परत आणली, पण योजना कुणी बंद केली नाही. त्या कार्डामागे चालू दवाखाना होता, म्हणून ते परत घ्यायची हिंमत झाली नाही.

आपण कार्ड आधी छापलं. दवाखान्याची जागा खाजगी हॉस्पिटलने भरली आणि त्याला पैसे देण्याची रीत अशी की हाडवैद्यांसारखा सरळ माणूस बाहेर पडतो नि चिठ्ठीवाला आत राहतो. मला भांडण या रीतीशी आहे. वेळेत पैसे, वयस्क आणि गुंतागुंतीच्या रुग्णाला जास्त दर, आणि त्याबरोबर खात्यावर नजर. उरलेला पैसा सिस्टरताईंच्या गोळ्यांना आणि भूलतज्ज्ञाला. तमिळनाडूने नव्वदीच्या दशकात औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढून गोळ्यांचा प्रश्न बराचसा सोडवला. ते काही परदेश नाही.

पॉलिसीवाला
उरलेला पैसा म्हणजे कुठला? वेळेत द्यायचे, जास्त दर द्यायचे, वर उरणार? अकाउंट्सवाल्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

हिशेबनीस
पकडलंत. उरणार नाही, नवा लागेल. १.८४ आणि २.५ मधलं अंतर आहे ते. म्हणजे मी पहिल्या पोस्टमध्ये ज्या टक्केवारीला नाक मुरडलं होतं, तिथेच येऊन पोचलो. फक्त तो पैसा आधी पदांवर जावा, नंतर कार्डांवर.

सुरगाण्याची_सिस्टर
दादा, भावाची तक्रार केली का? १५५३८८ वर फोन लागतो, पावती नसली तरी चिठ्ठीचा फोटो ठेवा.

हिशेबनीस
केली नाही ताई. मी नंबर लावून त्याच्या हातात फोन दिला, त्याने कट केला. म्हणतो अजून दोन वेळा दाखवायला तिथेच जायचंय, डॉक्टर हाताने चांगला आहे, उगाच तोंड वाईट कशाला करू. चिठ्ठी पुतण्याने औषधांच्या पिशवीत जपून ठेवलीय. वॉकर धरून अंगणापर्यंत येतो आता. एप्रिलच्या खरड छाटणीला बांधावर खुर्ची टाकून बसणार म्हणतोय. तिथे येणाऱ्या कुटुंबांची कार्डं निघालीत का, हे त्या दिवशी मी जाऊन विचारणार आहे. सिस्टरताई, तुमच्या गावचं कुणी भेटलं तर पोरांच्या लसीचं काय विचारायचं ते लिहून द्या.

सुरगाण्याची_सिस्टर
गुलाबी कार्ड बघा, माता-बाल संरक्षण कार्ड. नसलं तर आईचं नाव आणि पाड्याचं नाव तेवढं घ्या. बाकी मी शोधते.